पंखा फिरतो, पडदा काळा

शुक्रवार, २१ ऑक्टोबर १९८८

कॉम्प्युटर सुरू होत नाही. सुंदराने दुपारी दुजोरा दिला. बटण दाबलं की आतला पंखा फिरतो, पडदा काळा. पुढे काही नाही.

सहा महिने पोरगी सुटे भाग जमवत होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकेक कार्ड वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची — बहुतेक माझ्याच. काल दसऱ्याच्या सकाळी शेवटचा स्क्रू बसला. तिच्या आईने, विमलने पेटीवर हळदकुंकू वाहिलं, आपट्याचं पान ठेवलं, पेढे वाटले. पेढे संपले. कॉम्प्युटर तसाच.

शाळेची कमिटी ३० तारखेला घरी बघायला येणार. चालला तर जूनपासून शाळेतला कॉम्प्युटरचा वर्ग सुंदराचा. नाही तर पनवेलच्या एका गृहस्थांचा — त्यांची मशिनं तयार आहेत, खोक्यात बंद. आणि सुंदरा पुन्हा ठाण्याच्या कारखान्यात, समोरून सरकत येणाऱ्या रेडिओंच्या तारांना दिवसभर कथलाचे डाग देत. दोन वर्षं तेच केलं तिने. परत जायचं नाही म्हणते.

नऊ दिवस आहेत. बातमीदार म्हणून मी नऊ दिवसांत अख्खी निवडणूक उरकली आहे.

शनिवार, २२ ऑक्टोबर

चौक गावाहून दामूला बोलावलं. हायवेवर त्याचं दुकान — ट्रकचे हॉर्न, रेडिओ, हल्ली टीव्हीही. कॉम्प्युटर त्याने जन्मात पाहिलेला नाही, पण तसं दाखवलं नाही. पेटीभोवती एक फेरी मारली, भिंतीतल्या प्लगच्या भोकांत टेस्टर घातला, सुंदराचा मीटर डोळ्यांजवळ नेऊन वाचला.

"व्होल्टेज बरोबर हाय," म्हणाला. "म्हंजी, कर्जतच्या मानानं."

मग संशय वीज ओढणाऱ्या मागच्या भातगिरणीवर गेला. गिरणी जेवायला बंद झाली तेव्हा पुन्हा बटण दाबलं. पंखा जरा जोरात फिरला. पडदा काळा. दामू चहा पिऊन गेला; विमलच्या मिक्सरचा बुश मात्र बदलून गेला.

रविवार, २३ ऑक्टोबर

फरक नाही. पंखा छान आहे.

मंगळवार, २५ ऑक्टोबर

माझ्याकडून आगळीक. टेबलावर सुंदराची फ्लॉपी पडली होती. मधे भोक दिसलं, म्हणून मी ती जुन्या बातम्यांच्या कागदांबरोबर तारेत खोचून ठेवली. तीस वर्षांची सवय! सुंदराने सगळं घर शोधलं. सापडल्यावर शांतपणे काढून घेतली. म्हणाली, "मशीन फ्लॉपीपर्यंत पोचलं की रागवेन, बाबा. सध्या वेळ नाही."

संध्याकाळी तिने आतल्या चिपा एकेक काढून पुन्हा बसवल्या. एकीचा पाय पोटाशी दुमडलेला निघाला. विमलच्या सेफ्टीपिनेने सरळ केला. तिघांनाही वाटलं, हेच ते. विमलने तर साखरेचा डबा काढला.

पडदा काळा. साखर चहात घातली.

गुरुवार, २७ ऑक्टोबर

आज घरात वाजलं. तीन दिवस राहिले, सुंदरा नीट जेवत नाही. विमल पेटीवरची धूळ पुसत होती, त्यावरून सुंदरा एकदम घसरली — आईनेच दसऱ्याला काहीतरी आत सांडलं असणार, नाहीतर सगळं रीतसर जोडलेलं मशीन मरतं कसं? विमल म्हणाली, मी बाहेरून वाहिलं, आत बोटही घातलं नाही. सुंदराने ऐकलं नाही. विमल फडकं ठेवून उठली आणि परड्यात जाऊन वाल निवडत बसली. वाल कालच निवडून झाले होते.

मी कोणाचीच बाजू घेतली नाही. बातमीदार म्हणून ते ठीक. बाप म्हणून बरोबर होतं का, कळत नाही.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

कॉम्प्युटर लागला! जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी दामू न बोलावता आला. रात्री त्याला सुचलं म्हणे — ट्रकला शॉर्ट असला की तो सगळ्या वायरी सोडवतो आणि एकेक जोडत जातो. "तसंच करून बग ना गं." सुंदराने सगळी कार्डं उपटली. बटण दाबलं, तर आठ दिवस मुकी असलेली पेटी पीं करून ओरडली. म्हणजे मुख्य बोर्ड जिवंत. दोष कुठल्यातरी कार्डात.

कार्डाच्या कडेला सोनेरी दातांची ओळ असते, ती खाचेत बसते. दात मळले की खोडरबराने घासतात, असं ती कारखान्यात शिकलेली. माझं खोडरबर घेतलं. पडद्यावर चित्र पाठवणारं कार्ड घासलं.

खोडरबर लाल झालं.

ओलं कुंकू दोन दातांच्या मधे वाळून बसलं होतं. दामूने आधी विमलकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मीही तेच केलं, लिहायला हरकत नाही.

सुंदराने खोडरबर खाली ठेवलं.

"आई, ते मी लावलंय. झाकण बसवायच्या आधी. सगळ्या कार्डांना."

"तू? तू तर मला हसत होतीस."

"भीती वाटली गं. वाटलं, चालू नाही झालं तर..."

विमल अशी हसली की तिला चौकटीला धरावं लागलं. "अगं, एवढी शिकलीस, आणि कुंकू कुठं लावावं ते नाही कळलं?"

सुंदराही हसली, मग थोडं रडली, मग उरलेली कार्डं घासली. अकरा वाजून वीस मिनिटांनी पडद्यावर हिरवी अक्षरं आली. दामूने ती मोठ्याने वाचली, इंग्रजी येत नसताना.

कालच्या बोलण्याबद्दल सुंदराने आईची माफी मागितली की नाही, मी पाहिलं नाही. दुपारी दोघी एका ताटात जेवत होत्या.

रविवार, ३० ऑक्टोबर

कमिटीचे पाच जण आले, हेडमास्तर धरून. टोपीवाले चेअरमन खुर्चीत टेकले आणि वीज गेली. बटण दाबायच्या आत!

मी पोह्यांसाठी आत पळालो. दुसरं काय करणार? बाहेर आलो तर सुंदराने झाकण काढून पेटी खिडकीच्या उजेडात ओढली होती. एकेक कार्ड त्यांच्या हातात देत होती — हे चित्र पाठवतं, हे लक्षात ठेवतं, हे फ्लॉपी वाचतं. चेअरमन चष्मा लावून चिपेचे पाय मोजत होते. वीज असती तर हिरवी अक्षरं बघून दहा मिनिटांत उठले असते. तासभर बसले.

जाताना हेडमास्तरांनी विचारलं, पनवेलची मशिनं अशी उघडता येतात का. सुंदरा म्हणाली, "येतात सर. बंद पडल्यावर कोण उघडणार, ते त्यांना विचारून ठेवा."

निर्णय कळवतो म्हणाले. तोंडावरून काही कळेना. वीज दोन वाजता आली.

गुरुवार, ३ नोव्हेंबर

शाळेचं पत्र आलं. हेडमास्तरांनी फोनवर दुजोरा दिला. वर्ग सुंदराचा. शाळेला मशिनंही तिच्याच हातची हवीत — एक नाही, चार. जूनच्या आत. सोमवारी ती आणि विमल मुंबईला सामान आणायला जाणार. चार मशिनांना जागा लागेल म्हणून रविवारपर्यंत माझं टेबल बाहेरच्या खोलीतून परड्याकडच्या पडवीत हलेल, असं विमलने कळवलं आहे.