परडं कुठवर

२ डिसेंबर, सोमवार

पंचायतीतून सांगून गेले. पुढच्या सोमवारी ड्रोन उडणार, वरून फोटो काढणार. त्याच्याआधी ज्यानं त्यानं आपल्या जागेच्या कडंनं चुना मारायचा. रेघ दिसंल तसा कागद निघंल. ह्यांनी लगेच चुन्याची गोणी आणून टाकली. एरवी दूध आणायला चारदा सांगावं लागतं!

घराचं काही न्हाई, घोळ परड्याचा आहे. आमच्या मागच्या दारापासून मागच्या घरातल्या निलम्माक्काच्या उंबऱ्यापर्यंत. त्यांच्या घराला दारच एक, तेही आमच्या परड्यात उघडतं.

हे म्हणाले, "परडं म्हंजे घरामागचं सगळं. उंबऱ्यापर्यंत आपलं. कंपाउंड घालून टाकू."

"मग अक्कानं यायचं-जायचं कुठून?"

"बोळ ठेवू की हातभर."

३ डिसेंबर

अक्काला सहज विचारलं, ह्या जागेला तुम्ही काय म्हणता? वाटलं, हित्तल म्हणतील, कानडीत परड्याला तेच म्हणतात. म्हणाल्या, "अंगळ." म्हणजे अंगण. त्यांच्या दारासमोरचं, म्हणून अंगण! आणि मी सतरा वर्षं तिथं भांड्याचं पाणी फेकत आले. फार लाज वाटली.

५ डिसेंबर

सासूबाईंना विचारलं. भीतभीतच — शेवग्याची फांदी तोडल्यावरून त्या नऊ वर्षं अक्काशी बोलत न्हाईत.

मटकी निवडता निवडता म्हणाल्या, "माझ्या सासूच्या येळंला कुठली मोजणी? जी बाई जितकं रोज झाडती, तितकं तिचं. मधल्या त्या गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीपर्यंत मी झाडायची. तिकडून डोणीपर्यंत तिचा सडा." मग एक खडा बाजूला टाकून, "आता तिचा सडा उंबऱ्याच्या म्होरं जात न्हाई, ते येगळं."

"झालं की मग," हे आतून म्हणाले. "आईनंच सांगितलं."

अक्काचे गुडघे गेलेत. उंबऱ्यात बसून हात पुरंल तितकंच शेणपाणी टाकतात. त्याला त्या काय करणार?

६ डिसेंबर

हे उठायच्या आत अक्काचा सडा मी टाकला. डोणीपर्यंत.

७ डिसेंबर

आजही टाकला. हे दात घासत बघत उभे होते. "म्हातारीचे गुडघे बरे झाले वाटतं." मी चहा गाळत होते, गाळतच राहिले.

८ डिसेंबर, रविवार

आज मी सापडले. बादलीसकट.

"दुसऱ्याचा सडा टाकायलीस व्हय? कामून? उद्या उंबऱ्याला लागूनच चुना मारतो. तू परड्यात पाय ठेवायचा न्हाई."

मला रडू आलं. खरं तर राग आला होता, पण आलं रडूच. सासूबाई तिथंच वाती वळत बसलेल्या. त्यांनी पुढची वात वळायला घेतली. त्यांचाच राग जास्त आला.

९ डिसेंबर, सोमवार

उशिरा जाग आली. तशीच मागच्या दाराला पळाले. सडा पडलेला, ओला, थेट डोणीपर्यंत. डोणीपाशी सासूबाई, कोपरापर्यंत शेण. निलम्माक्का उंबऱ्यातून बोट दाखवत होत्या, "इल्लि, इल्लि. इथं राहिलं." सासूबाई म्हणाल्या, "दिसतंय गं मला." नऊ वर्षांनी.

हे चुन्याचं घमेलं घेऊन उभे होते.

सासूबाई त्यांना म्हणाल्या, "बघायलास काय? ओलं सोडून मार."