कोऱ्या पाकळीची साडी

१ डिसें., सोमवार
मार्थाबाई सकाळी आठलाच दारात. खांद्याला कापडी पिशवी. जन्मभर दवाखान्यात नर्स, त्यामुळे कुणाच्या घरात शिरताना विचारायची सवय नाही. इथे गुजरातेत आलो तेव्हापासून लिंबायतच्या चाळीत शेजारी होत्या, आता डिंडोलीतही खालच्याच मजल्यावर. पाठ काही सुटली नाही.

म्हणाल्या, यंदा नाताळाला सोसायटीत काही विकत आणायचं नाही. थर्माकोल नको, चमकी नको, प्लॅस्टिकचं झाड नको. गेल्या वर्षीचं थर्माकोल गटारीत अडकून जानेवारीभर वास मारत होतं, हे खरं. घराघरात जे पडून आहे त्यातूनच सण करायचा.

"आबा, तुमच्याकडे पुष्कळ पडून असेल," म्हणाल्या आणि माझ्या खोलीकडे नजर टाकली.

ती नजर मला आवडली नाही.

३ डिसें., बुधवार
चिनू शाळेतून आली ती थेट खाली. नात माझी, पण हल्ली राहते मार्थाबाईंकडे. बमरोलीच्या लूमवाल्यांकडून सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन आणलेत, पोतंभर. ते एकावर एक रचून झाड करणार म्हणे. मी म्हटलं, हा कचरा घरात कशाला? तर गुजरातीत, "कचरो नथी, आबा." पोरीला मराठी कवितेची एक ओळ धड येत नाही. आमचे गुरुजी ओळ सोडायचे आणि अख्खा वर्ग ती झेलायचा. कौलांवरची पाखरं उडायची. त्या आवाजात वाढलेला माणूस मी, आता पोतंभर कोनांकडे बघतो आहे.

सूनबाईंनी पाच स्टीलचे पेले दिले, चहासाठी. नावं कोरलेली आहेत म्हणून बरं.

७ डिसें., रविवार
ट्रंक उघडली. माझी बायको सुमन गेल्यापासून महिन्यातून एकदा उघडतो. वरच्या थरातल्या साड्या उन्हात नाही, नुसत्या हवेत धरतो, परत घडी घालतो; खालचा थर आज पहिल्यांदाच काढला. बाकी सगळ्या होत्या.

निळी नाही.

सगळं उपसलं. तळाच्या वर्तमानपत्रापर्यंत. नाही.

७ डिसें., संध्याकाळ
निळीचं लिहून ठेवतो. मी तेव्हा पांडेसऱ्याच्या प्रिंटिंग मिलमध्ये तपासणीला होतो. दिवसभर डोळ्यांसमोरून कापड सरकायचं. डाग, तुटका धागा, रेषेबाहेर गेलेला रंग, सगळं हेरायचं आणि खडूची खूण करायची. निळ्या जमिनीवर पांढरी मोगऱ्यासारखी फुलं. एका फुलाची एक पाकळी छापायचीच राहिली होती. माल सेकंडमध्ये, म्हणजे डागी मालात गेला, मी एक साडी घरी आणली. सुमनला म्हटलं, राहिलेली पाकळी माझ्या खिशात आहे. ती हसली होती. नंतर पुष्कळ वर्षं, भांडण झालं की ती हात पुढे करायची. "आणा ती पाकळी."

हे कुणाला माहीत नाही. कुणाला सांगायचंही नव्हतं.

८ डिसें., सोमवार
स्वयंपाकघरात नवा स्टीलचा डबा. झाकणाचा, कडीचा. संगीताला (सूनबाईंना) सहज विचारलं, कुठला? म्हणाली, माहेरचा. गेल्या आठवड्यात जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण जिन्यात बसलेली मी स्वतः पाहिली. संगीता तिच्याशी बोलत होती.

पुन्हा विचारलं. या वेळी सहज नाही.

"आबा, आईंच्या ट्रंकेला मी हात लावत नाही. किल्ली तुमच्या जानव्याला, नाही का?"

जानव्याला नाही, करगोट्याला आहे. पण अंगावर बांधलेली असते, हे हिला कसं माहीत?

१० डिसें., बुधवार
रात्रीपासून किल्ली उशीच्या अभ्र्यात ठेवतो आहे.

जिन्यात मार्थाबाई भेटल्या. मऊ जुनं सुती कापड हवं आहे, म्हणाल्या. कशाला, तर गव्हाणीतल्या बाळाला गुंडाळायला. दरवर्षी बाजारची चकचकीत झालर असते, यंदा नको. "आपल्याकडं बाळ जन्मलं की जुन्या लुगड्यातच घेतात ना, आबा? नवं कापड टोचतं." बोलणं बरोबर. माझा मुलगाही सुमनच्या जुन्या पातळात गुंडाळला होता.

बोलणं बरोबर आहे म्हणूनच जास्त लक्ष ठेवावं लागतं.

१४ डिसें., रविवार
खाली गाण्यांची तालीम. गॅलरीत बसून ऐकलं, दिसणार नाही असा. त्यांची नाताळाची गाणी आपल्याच चालींवर. बोटांवर मात्रा मोजल्या, एकही चुकली नाही. चिनू पहिल्या रांगेत, स्वच्छ मराठीत. "गव्हाण" हा शब्द तिच्या तोंडी! घरी तिचं गुजराती "गमाण" सुधारताना मी थकलो होतो.

बरं वाटलं. मग विचार आला, माझ्याकडून शिकत नाही, तिकडे कशी शिकते? काय देतात तिला?

खोबऱ्याची वडी देतात. विचारून घेतलं. पानावर, कागदात नाही.

१८ डिसें., गुरु.
झाड उभं राहिलं. खोटं कशाला लिहू, सुरेख दिसतं. कोनांची निमुळती टोकं वर, चढत चढत, शेंड्याला साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची चांदणी. अंगावर लेसच्या उरलेल्या पट्ट्या. मी तीस वर्षं असले कोन पायाने बाजूला सारत आलो.

मार्थाबाई विचारत होत्या, आबा, एखादी कविता म्हणाल का चोवीसला? शाळेतली, चांदण्यांची वगैरे. बघू म्हटलं. हे गोड बोलणं एकाएकी का? काही लपवायचं असलं की माणूस दुसऱ्याला मान देतो.

२१ डिसें., रविवार
 जमेल तसं लिहितो.

दुपारी गव्हाण मांडली. खोक्याचा गोठा, त्यात पेंढा. सगळी सोसायटी बघायला. बाहुलीचं बाळ ठेवलं. गुंडाळलेलं कापड निळं. पांढरी फुलं. पोटावर जे फूल येतं त्याची एक पाकळी कोरी.

कापलेलं. कात्रीने, सरळ. हातभर.

सगळ्यांसमोर म्हणालो, "हे कापड माझ्या घरातलं आहे." मार्थाबाईंना कळलंच नाही. म्हणाल्या, माझं आहे, आबा. मी म्हटलं, तीस वर्षं मी कापड तपासलं, माझा डोळा चुकत नाही, ही पाकळी बघा. आणि बाळ उचलून कापड सोडवून घेतलं. बाहुली पेंढ्यात उघडी पडली. चिनू रडायला लागली.

कुणीतरी मागून म्हणालं, म्हातारा सटकला. मार्थाबाई त्याच्यावरच ओरडल्या. मला एक शब्द नाही.

संगीता घरी आली. पोळ्या लाटत राहिली. पोळ्या जळाल्या.

२२ डिसें., सोमवार
कापड ट्रंकेत. बाकीची साडी कुठे केली असेल? झालरी कापल्या असतील. खाली जाऊन सगळ्या झालरी तपासल्या. लाल, हिरव्या, जरीच्या कातरणी. निळी एकही नाही. कुणी बघत होतं का, माहीत नाही. चिनू बोलत नाही.

२४ डिसें., बुधवार
खाली गेलो नाही. कविता म्हणायला कुणी बोलावलंही नाही. चौथीतली एक सबंध पाठ येते का, मनात म्हणून पाहिली. तिसऱ्या कडव्यात अडकलो.

साडेसहाला जिजाबाई वर आल्या. लिंबायतच्या चाळीतल्या, नळावर सुमनच्या सोबतीण. मार्थाबाईंनी रिक्षा पाठवून आणलं होतं. धापा टाकत पलंगावर बसल्या आणि घरच्या अहिराणीत सरळ सुरू. काय ऐकते मी, म्हणे.

मी ट्रंक उघडून कापड दाखवलं. पाकळीवर बोट ठेवलं.

"आबा, तू येडा व्हयना का?" म्हणाल्या. "मना घर बी तीच से. तिनी गोधडी शिवी मी."

मी म्हटलं, तशीच असेल, हीच नाही. ही पाकळी?

त्या हसल्या. मिलच्या गेटवर सेकंडचा माल सुटला तेव्हा अख्खी गल्ली धावली होती, म्हणाल्या. त्या वर्षी संक्रांतीला आम्ही अकरा बायका एकाच साडीत. नळावर कोण कुणाची हे ओळखू येत नव्हतं. सगळ्यांच्या फुलांची पाकळी पडलेली.

सगळ्यांच्या.

त्या गेल्यावर कापड पुन्हा उजेडात धरलं. छपाईची जाळी एका जागी बुजली की तीच चूक दर छापाला पुन्हा उमटते, ताग्यामागून तागा, लॉट संपेपर्यंत. हे मीच नव्या पोरांना शिकवायचो. तो लॉट मीच अडवला होता. खडूची खूण माझी. आणि एवढी वर्षं मी समजतो आहे की ती पाकळी एकाच साडीची राहिली.

खालून गाणं सुरू होतं. चिनूचा आवाज वेगळा ओळखू आला.

२५ डिसें., गुरु.
सकाळीच कापड घेऊन गेलो. मार्थाबाई अंगणात पंगतीची तयारी करत होत्या. खाखऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या पत्रावळ्या, पाण्याचा माठ. गव्हाणीतलं बाळ दवाखान्याच्या जुन्या पांढऱ्या पंच्यात गुंडाळलं होतं.

कापड पुढे केलं. चुकलो असं म्हणायचं होतं. म्हणालो, हे तुमचं असावं.

"असावं?" हात पुसत म्हणाल्या. "आबा, तुम्ही तपासणीवाले. नीट तपासा, खूण करा, मग द्या. अर्धवट माल मी घेत नाही."

दोघी-तिघी बायका हसल्या. मार्थाबाई हसल्या नाहीत. त्यांनी जुन्यातली ही एकच साडी ठेवली होती आणि ती बाळासाठी कापली, असं संगीताने नंतर सांगितलं. उरलेलं पाच वार त्यांच्या कपाटात आहे. ती म्हणाली, मी पाहिलंय.

कापड घेऊन परत आलो. जेवायला गेलो नाही. चिनूने पत्रावळीवरून केक आणून टेबलावर ठेवला. बोलली नाही, पण ठेवला.

मग आमची निळी कुठे? संगीताला विचारण्याचं तोंड नाही. तो डबा अजून तिथेच आहे. माहेरचाही असेल.

मनात हेही येतं की मार्थाबाईंच्या कपाटातलं पाच वार संगीताने कधी, कशासाठी पाहिलं? येतं तर लिहितो. कुणाला दाखवायचं नाही.

२६ डिसें., शुक्र.
सगळं उतरवलं. सोसायटीच्या दारात कचऱ्याची एकच बादली, तीही अर्धी. पत्रावळ्या खड्ड्यात पुरल्या. कोन पोत्यात भरून लूमवाल्यांकडे परत गेले. लेसपट्ट्या गुंडाळून पुढच्या वर्षाला. आमचे पाच पेले घासून परत आले, पाचही. ज्याचं त्याला पोचलं.

माझ्याकडे तेवढं एक हातभर कापड.

थंड पाण्यात धुतलं. पेंढ्याची काडी निघाली. वाळत घालताना खालच्या काठाशी फॉल दिसला, टाके आतल्या बाजूने. दोन टाके जवळ, एक लांब. हा हात सुमनचा. याबद्दल मी शपथ घेईन.

बराच वेळ त्या टाक्यांवर बोट फिरवत उभा होतो. म्हणजे आमचीच, असं वाटलं.  मार्थाबाई खोटं बोलल्या, असंही वाटून गेलं, आणि जरा आनंदच झाला.

मग आठवलं. चाळीत सगळ्यांचे फॉल सुमनच लावायची. मार्थाबाईंचेही. दुपारी दारात बसून, दोघी गप्पा मारत.

२७ डिसें., शनि.
संगीताला शेवटी विचारलं. निळीबद्दल नाही. विचारलं, मार्थाबाई माझ्याबद्दल काही बोलतात का?

म्हणाली, "बोलत नाहीत. पण तुमच्या वाटचा केक त्यांनीच कापून दिला होता."

मग स्वतःहूनच म्हणाली, आईंनी आजारपणात ट्रंकेतून काय काय कुणाकुणाला दिलं, मला ठाऊक नाही. तुम्ही पाळीवर असायचा तेव्हा.

मी तेव्हा पाळीवर नव्हतो, निवृत्त होतो. पण रोज दुपारी वाचनालयात जायचो, हे खरं. त्या वेळात घरात कोण यायचं, कधी विचारलं नाही.

कपाटातलं ते पाच वार एकदा बघितलं पाहिजे. काठाला काठ लावला तर हे कापड त्याचंच का, एवढं तरी कळेल. ते पाच वार मुळात कुणाचं, ते मात्र मार्थाबाईंनाच ठाऊक. विचारलं तर खरं सांगतील का? आणि सांगितलं तर मला खरं वाटेल का?

दुपारी चार. कापड इस्त्री केलं. खाली निघालो आणि जिन्यातच बसलो. गुडघे दुखतात म्हणून. वही मांडीवर, वहीखाली कापड. मार्थाबाईंचं दार उघडं आहे. आत चिनू गाणं म्हणते आहे, एक शब्द चुकते, त्या दुरुस्त करतात, ती पुन्हा म्हणते.

तो शब्द त्यांनीही चुकीचाच सांगितला. आत जाऊन सांगायला हवं.