पोरगी कुणाच्या बाजूची

२ सप्टेंबर, सकाळ
नात लाम-लाम आज पहिलीत गेली. शाळा कॅथलिक. गेटवर मेरीमातेचा पुतळा, आत सिस्टर. माझी मुलगी वाई-क्वान म्हणाली, बाबा, आपल्या अख्ख्या शाम शुई पो भागात हिच्याहून चांगली शाळा नाही, तुम्ही गेटवर तोंड वाकडं करून उभे राहू नका. मी तोंड वाकडं केलं नव्हतं. माझं तोंडच तसं आहे. आयुष्यभर लाल मिनीबस चालवली की होतं तसं.

मुद्दा असा. मला मुलगा नाही. बायको गेली, तिच्या फोटोपुढे रोज उदबत्ती मी लावतो. उद्या माझ्या फोटोपुढे कोण लावणार? वाई-क्वान ऑफिसातून येते तीच अर्धमेली होऊन. जावई कित, त्याला उदबत्तीने शिंका येतात. उरली लाम-लाम. रीतीप्रमाणे मुलीची मुलगी परक्या घरची, पण रीत मी बघून घेईन. सिस्टरांच्या हाती लागली तर मात्र संपलं.

निश्चय: पोरीने गणित शिकावं, इंग्रजी शिकावं, प्रार्थना शिकू नये. नेणं-आणणं मीच करणार. आत त्यांनी काहीही भरवू दे, येताना रस्त्यात मी सगळं पुसून टाकीन.

५ सप्टेंबर
येताना माशाचे गोळे घेतले. काडी हातात धरून लाम-लामने आधी कपाळ, छाती, खांदे असा हात नेला. मी म्हणालो, हे काय? ती म्हणाली, कुंग-कुंग (आईच्या बाबांना आमच्यात असंच म्हणतात), खायच्या आधी थँक्यू म्हणायचं असतं. मी म्हणालो, मग मला म्हण, गोळे मी घेतलेत. म्हणाली. मग पुन्हा कपाळ, छाती, खांदे.
घरी आजीच्या फोटोपुढे तीन वेळा वाकायला लावलं. वाकली. शेवटी आमेन म्हणाली.
प्रगती आहे. वाकली ना.

१८ ऑक्टोबर
पहिली परीक्षा. धर्म या विषयात शंभर, चिनीत बासष्ट. कित म्हणाला, चला, स्वर्गात तरी ॲडमिशन नक्की. मूर्ख. आजपासून डिक्टेशन मी घेणार.

२१ ऑक्टोबर
डिक्टेशन घेतलं. दोन अक्षरं मीच चुकीची सांगितली असं तिचं म्हणणं. पुस्तक काढून दाखवलंन. पुस्तक छापणारेही चुकू शकतात.

८ नोव्हेंबर, संध्याकाळ
भयंकर दिवस. नोव्हेंबर हा यांचा मेलेल्यांचा महिना. बाईंनी वर्गात घरातल्या गेलेल्या माणसांची नावं विचारली आणि लाम-लामने आजीचं दिलं. आज चर्चमध्ये ती नावं मोठ्याने वाचणार होते.
बायको जन्मात चर्चमध्ये गेली नाही. दिशा तिला कधीच कळल्या नाहीत. रोजच्या बाजारातसुद्धा हरवायची. नाव पुकारलं तर बिचारी जाणार, आणि परत कशी येणार? वाई-क्वानला फोन केला. ती म्हणाली, बाबा, मी मीटिंगमध्ये आहे, आणि आई कुठेही जात नाहीये.
शेवटी मीच गेलो आणायला. मागच्या बाकावर बसलो. तिचं नाव आलं तशा तीन उदबत्त्या पेटवल्या, म्हणजे धुराचा माग धरून ती माझ्याबरोबर येईल. चर्चमधले एक गृहस्थ धावत आले, म्हणाले, अहो, वर अलार्म आहे! मी म्हणालो, माझी बायको आहे. त्यांनी मला दाराबाहेर नेलं आणि उदबत्त्या विझेपर्यंत शेजारी उभे राहिले.
बायकोला सुखरूप घरी आणलं. वाटेत दोनदा थांबलो. ती हळू चालते.
विजय माझाच. फक्त लाम-लाम म्हणाली, कुंग-कुंग, सगळा वर्ग मागे वळून बघत होता. मी म्हणालो, बघू दे. शिकतील काहीतरी.

२ डिसेंबर
पोरगी घरात भजन गुणगुणते. चाल बरी आहे. मी गुणगुणत नाही.

३ डिसेंबर
कित म्हणतो, भांडी घासताना मी गुणगुणत होतो. पुरावा नाही.

२० डिसेंबर
नाताळच्या नाटकाला पाऊल ठेवणार नाही, हे महिनाभर आधीच जाहीर केलं होतं. लाम-लाम मेंढी होती. वाई-क्वानने केलेले कान पाहिले. मेंढीचे नव्हते, उंदराचे होते. राहवलं नाही, नवे करून दिले. मग ते डोक्यावर टिकतात का हे बघायला जावंच लागलं. पहिल्या रांगेत बसलो, कारण मागून कान दिसत नाहीत. बाकीच्या मेंढ्या सुमार.
मुख्याध्यापिका सिस्टर कोन जवळ येऊन म्हणाल्या, औ काका (औ माझं आडनाव), कान तुम्ही केलेत ना? पुढच्या वर्षी सगळ्या मेंढ्यांचे कराल? मी नाही म्हणणारच होतो, तेवढ्यात त्या गेल्या.

२९ जानेवारी, चिनी नववर्ष
आज लाम-लामला घेऊन त्यांच्या चर्चमध्ये निषेध म्हणून गेलो. नव्या वर्षाची पहिली सकाळ पूर्वजांची, त्यांच्या देवाची नव्हे, हे तोंडावर सांगायचं ठरवलं होतं. आत जाऊन बघतो तर वेदीसमोर संत्री, फुलं, पूर्वजांच्या नावाची पाटी, आणि फादर स्वतः उदबत्त्या घेऊन तीनदा वाकतायत! सगळं आपलंच. निषेधाला जागाच ठेवली नाही. याला म्हणतात लबाडी.
पण उदबत्त्या फार खाली धरल्या, राख बाहीवर पडली. संपल्यावर गाठून सांगितलं, फादर, भुवईच्या उंचीला धरतात. ते म्हणाले, दाखवा ना. दाखवलं. लोक जमले, त्यांनाही दाखवलं.
येताना लाम-लामला म्हणालो, बघ, ते माझ्याकडून शिकतात. ती म्हणाली, मग आता तुझं भांडण मिटलं? मी म्हणालो, मुळीच नाही.

५ मार्च
शाळा सुटली तर पोरीच्या कपाळावर काळं. एवढ्या सिस्टर, एकीलाही पोराचं तोंड पुसता येत नाही. रुमाल ओला केला आणि घासून काढलं. लाम-लाम भर रस्त्यात रडायला लागली. ती राख फादरने लावलेली होती म्हणे, वर्षातून एकदाच मिळते. तिची मैत्रीण ची-याऊ आपली राख घरी दाखवायला जपून नेत होती, केस मागे धरून.
माझा जन्म राख झाडण्यात गेला. आधी सांगायला नको?
घरी आजीपुढच्या भांड्यातली राख लावून दिली. म्हणाली, ही तशी नाही. पण आरशात बघून आली.

४ एप्रिल, चिंगमिंग, गेलेल्यांना भेटायचा दिवस
सगळे बायकोला भेटायला गेलो. लाम-लामने आजीच्या फोटोवरची धूळ पुसली आणि उदबत्त्या बरोब्बर भुवईच्या उंचीला धरल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूर फार होता. संधी साधून विचारलं, मी गेल्यावर माझ्यासाठी अशाच धरशील ना? ती म्हणाली, धरीन, पण कुंग-कुंग, तू कधी जाणार? वाई-क्वान म्हणाली, बाबा, ती सहा वर्षांची आहे, तिला नैवेद्याच्या भाजलेल्या डुकराची कातडी खाऊ द्या आधी.
तोंडी करार झाला, असं मी धरतो.

२३ मे
गेटवर पोचलो तर पांढऱ्या झग्यातल्या मुलींची रांग चर्चकडे निघालेली. मागे लाम-लाम, हातात फुलं! म्हणजे बाप्तिस्मा आजच. मला न सांगता. करार गेला खड्ड्यात. बसपुढे कुणी हातगाडी घातली की जो आवाज लावायचो तो लावला: थांबवा!
रांग थांबली. सिस्टर कोन धावत आल्या. मी म्हणालो, ही पोरगी आमच्या बाजूची आहे, तिला पाणी लावायचं नाही. सिस्टर म्हणाल्या, काका, ती फक्त फुलं धरतेय. या मुली वरच्या वर्गातल्या. पहिलीतल्यांना आम्ही बाप्तिस्मा देत नाही, त्याला आधी क्लास असतो, आईवडिलांची सही लागते, आणि लाम-लामने तर कधी विषयही काढलेला नाही. मग म्हणाल्या, खरं सांगू, आम्हाला वाटत होतं तुम्हालाच यायचंय. मोठ्यांचा क्लास शनिवारी असतो.
मला! ठणकावून नाही म्हटलं. चहा घेतला, ओतून झाला होता म्हणून.
येताना लाम-लामने हात दिला नाही. पुढे पुढे चालत होती. सिग्नलला गाठलं. म्हणाली, सगळे हसले. मी म्हणालो, हसू दे, तुझ्यासाठीच ओरडलो. ती म्हणाली, माझी फुलं पडली.

११ जुलै
शाळेचा शेवटचा दिवस. चिनीत एकोणऐंशी. माझं डिक्टेशन.
जेवताना वाई-क्वान म्हणाली, बाबा, पुढच्या वर्षी तिला शाळेच्या व्हॅनने पाठवते. मी म्हणालो, मी जिवंत असताना? ती म्हणाली, लाम-लामनेच मागितलीय. लाम-लाम सूप पिता पिता म्हणाली, ची-याऊ माझ्यासाठी खिडकी धरून ठेवणार आहे. मी म्हणालो, तो व्हॅनवाला मी पाहिलाय, त्याला धड वळण घेता येत नाही. ती म्हणाली, कुंग-कुंग, पण तो ओरडत नाही.
कितने आपल्या वाटीतला मांसाचा चांगला तुकडा उचलून माझ्या वाटीत ठेवला.
निश्चय: परवानगी देणार नाही. नाहीतरी सप्टेंबरपर्यंत पोरं विसरतात.

१ सप्टेंबर, सकाळ
विसरली नाही.
खाली गेलो, ते फक्त व्हॅनचे टायर बघायला. टायर ठीक आहेत. लाम-लाम चढली, खिडकीत बसली. हात हलवला, पण तोंड ची-याऊकडे. निघताना ड्रायव्हरने फुटपाथ घासलाच, मी म्हणालोच होतो. ओरडलो नाही.
वर आलो, उदबत्ती लावली. बायकोला सगळं सांगितलं, की वर्षभर त्या लोकांना काही करता आलं नाही, पोरगी आपल्याच बाजूची आहे, लढाई मी जिंकली, आणि आता नेण्या-आणण्याची कटकटही मिटली. हे सगळं सविस्तर इथेही लिहून ठेवलं.
एवढं लिहूनही आत्ता पावणेआठच वाजलेत.