तीन टिंबांचं निमंत्रण

प्रिय अण्णा,

'तीर्थरूप' लिहिलं नाही म्हणून रागावू नका. आधीच एक राग चालू आहे, त्यात भर नको. फोनवर न लिहिता मुद्दाम कागदावर लिहिते आहे, कारण इथे माझा प्रोग्राम कात्री घेऊन बसलेला नाही.

गुन्हा माझाच, कबूल. आपल्या मराठी समाजाच्या ॲपवर प्रत्येक सूचना उघडण्याआधी तिची पहिली ऐंशी अक्षरंच दिसतात. शब्द मधेच तुटू नये म्हणून प्रोग्राम तिथून मागे सरकतो, मोकळी जागा सापडली की थांबतो आणि पुढे तीन टिंबं देतो. केवढी मिरवत होते मी त्यावर! पण तुमचे आजोबा धार संस्थानच्या दफ्तरात मोडी लिहिणारे, आधी रेघ ओढून तिला अक्षरं लटकवणारे. आणि तुम्ही त्यांचे नातू. तुमच्या जुन्या मित्राच्या, दत्तोपंतकाकांच्या पंचाहत्तरीच्या निमंत्रणाचा सगळा मायना तुम्ही त्यांच्यासारखाच, एका दमात, कुठेही जागा न सोडता लिहिलात. बिचारा प्रोग्राम जागा शोधत मागे मागे जात थेट सुरुवातीला पोचला. आम्हा देवासकरांना दिसली फक्त तीन टिंबं. कुणी उघडलं नाही, कुणी धारला आलं नाही, आणि तुमचं पातेलंभर श्रीखंड उरलं. यापुढे एक ओळही लिहिणार नाही म्हणालात, ते मला फार लागलं.

चूक सुधारली आहे. जागा सापडलीच नाही, तर आता तो निमूटपणे ऐंशीव्या अक्षराशी थांबतो. तपासायला तुमचंच निमंत्रण पुन्हा घातलं. शेजारच्या अल्पनाकाकूंनी ते उघडून गच्चीवर सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मायन्यातच त्यांना दोनदा दम लागला, आम्ही पोट धरून हसलो. शेवटी तुम्ही आणि काका एकाच सायकलवर डबलसीट मांडूला गेल्याचं आलं, तेव्हा मात्र काकूंनी डोळे पुसले. त्यांच्या माळवीत म्हणाल्या, "अण्णा से केना, लिखना बंद नी करे."

आता मुख्य गोष्ट. तुमच्यासारखीच मीही ती शेवटी ठेवली. ज्याच्याबद्दल तुम्ही वर्षभर आडून आडून विचारत होतात, त्या मयुरेशला मी हो म्हटलं! लग्न धारलाच, आपल्या अंगणात. पत्रिका छापील नमुन्यातली नको, तुम्हीच लिहायची, हवी तेवढी लांब. तेवढ्या एका सूचनेपुरती मी ऐंशीची अट काढून टाकली आहे. तुम्ही लिहायला बसल्याशिवाय आम्ही तारीख ठरवणार नाही.

श्रीखंडाचा वाटा अजून मागणारी,
तुमचीच लेक
ऋजुता