सोमवारची अर्धशिशी

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
गुलबर्गा, ता. २-१०-५४

चि. काशप्पास अक्काचे अ. उ. आ.

अर्धशिशी पुन्हा उठली म्हणतोस. दोन वर्षांपूर्वी, लग्नाआधी, तुझं डोकं कधी दुखलं होतं का? जगदेवीचा पायगुणच तसा. माझं ऐकून तिला भालकीला माहेरी धाडलंस, बरं केलंस. दुखणं जाईपर्यंत आणू नकोस. लग्नात तुझ्यासाठी बोललेला सोमवार मात्र मोडू नकोस. संध्याकाळच्या लिंगपूजेपर्यंत तोंडात घास नको. मी वीस वर्षं धरलाय.

प्रकृतीस जप, थोरलीचं ऐकत जा.
तुझी ईरम्मा

हुमनाबाद, ता. ५-११-५४

ती. अक्कास काशप्पाचे सा. न. वि. वि.

जगदेवी गेली, पण अर्धशिशी काही तिच्याबरोबर भालकीला गेली नाही. शेवटी हैदराबादला डॉक्टर गाठला. ते म्हणाले, हे दुखणं मेंदूतच उठतं. काही मेंदू जन्मतःच हळवे. झोप मोडली, पोट रिकामं राहिलं की बिथरतात. आपल्या घराण्यात मेंदू आहे असं डॉक्टरांच्या तोंडून ऐकून अप्पांनी पेढे वाटले असते.

मग त्यांनी विचारलं, दुखतं कोणत्या वारी? बोटं मोजली. बहुतेक सोमवार, नाहीतर मंगळवारची पहाट. अक्का, लग्न आणि तू मला लावलेला उपवास एकाच महिन्यात सुरू झाले, आणि घराबाहेर आपण काढलं जगदेवीला! गेले तीन सोमवार मी सकाळीच भाकरी खाल्ली. डोकं गप्प आहे. घर मात्र खायला उठतंय. आपला गडी भीमण्णा तिला विचारून आला. अक्कांनी बोलावल्याबिगर मी कामून येऊ, असं म्हणायलीय म्हणे.

रागाव, पण उत्तर धाड.
तुझा काशप्पा

गुलबर्गा, ता. १६-११-५४

चि. काशप्पास अ. उ. आ.

तुझं पत्र सोमवारी आलं. वाचून असा संताप आला की ते चुलीत घालायला निघाले, पण उठवेना. उजवं कानशील ठणकत होतं. वीस वर्षं दर सोमवारी ठणकतं. व्रताला बट्टा लागेल म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. आणि दोष द्यायला माझ्या घरी सूनही नाही.

काल पुन्हा सोमवार. सकाळीच दार लावून बशीभर उप्पीट खाल्लं. दिवसभर वाट पाहिली, कानशील ठणकलं नाही. खरं सांगते, मला फार लाज वाटली. उद्याच्या मोटारीनं भालकीला जाऊन जगदेवीला मीच घेऊन येते. तू तिकडे येऊ नकोस. धाकटा भाऊ समोर असला की माफीचा शब्द माझ्या तोंडून फुटायचा नाही.

माया आहे तशीच ठेव, आणि उप्पिटाचं कुणाजवळ बोलू नकोस.
तुझी ईरम्मा