कुऱ्हाडवाला नरसिंह

प्रति,
मा. अभिरक्षक,
सागरी इतिहास संग्रहालय, पुणे.

विषय : नॉर्वेचे युद्धपदक न धुता, घटस्थापनेपूर्वी परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपले साफसफाईविषयीचे पत्र व त्यावर अर्जदाराच्या मातोश्रींचे मत (तोंडी).

महोदय,

१. अर्जदार श्रीधर खासनीस यांचे आजोबा महायुद्धात नॉर्वेच्या मालवाहू जहाजावर बिनतारी यंत्र सांभाळत. जहाज बुडाले, आजोबा वाचले, पुढे पदक आले. त्यावर मुकुट घातलेला सिंह, पंजात कुऱ्हाड. खासनिसांचे कुलदैवत नरसिंह. पणजीने सिंह पाहिला, हात जोडले आणि फीत काढून पदक देवघरात बसवले. कुऱ्हाडीबाबत घरचा खुलासा असा की, सोबत परशुरामही आले असावेत.

२. अर्जदाराची कन्या तनया हिने ते पदक असल्याचे ओळखले आणि आपण ते प्रदर्शनासाठी मागितलेत. मातोश्री आनंदीबाईंनी ‘देव जरा गावाला जाऊन येतील’ म्हणून दिले, पण घटस्थापनेआधी परत आणण्याच्या बोलीवर. आता आपण मुदत दिवाळीपर्यंत वाढवली आहे व नक्षी उठून दिसावी म्हणून पदक रसायनाने धुणार आहात. आपण ज्याला ‘लालपिवळा मळ’ म्हणता, ते हळदकुंकू आहे. सिंहाचे नाक आमच्या चिंचेने झिजले, हे मात्र मान्य.

३. बदली छायाचित्र देण्याची आपली सूचना विचारात घेतली. छायाचित्राला पंचामृत घालता येत नाही. पदक परत न मिळाल्यास मातोश्री रोज सकाळी सात वाजता पळी-ताम्हन घेऊन संग्रहालयात येणार आहेत. काचेची पेटी उघडून द्यावी. नैवेद्यात कांदा-लसूण नसावा. शिपायाने सोवळ्यात असावे.

४. परवा आपण घरी येऊन मातोश्रींना समजावलेत की हा देव नव्हे. त्या म्हणाल्या, “ठाऊक आहे. मामंजींनीच सांगितलं होतं.” त्यांना हे ठाऊक आहे, हे अर्जदाराला ठाऊक नव्हते.

५. आजोबा पूजा करताना स्तोत्रानंतर ‘ओलाफ, आयनार, सिगुर्ड, निल्स’ असे पुटपुटत. त्यांच्यामागे मातोश्रीही रोज तेच म्हणतात. घरात बाकी सर्वांना तो मंत्र वाटे. ती जहाजाबरोबर बुडालेल्या सोबत्यांची नावे आहेत. पदक त्यांचे आहे, आपल्या छातीवर शोभणार नाही, असे आजोबा सुनेला म्हणाले होते. पदक गेल्यापासून मातोश्री रिकाम्या ताम्हनात पाणी घालून ती नावे घेतात, आणि अर्जदाराला ते पाहवत नाही.

तरी, पदक आहे तसे, कुंकवासकट परत करावे.

वाट पाहणारा, आपला नम्र,
श्रीधर खासनीस
धायरी, पुणे
दि. १२ सप्टेंबर २०२५

सोबत : पदक गुंडाळून आणण्यासाठी धूतवस्त्र.