अनुक्रमांक एकशे ब्याण्णव

ती. ताईस,
गुडघा वाकत नाही म्हणून उभ्यानेच नमस्कार.

आज सकाळी घरातल्या एकूण एक कागदाचा ताबा आमच्या शेपटीने घेतला. या वृत्ताला तिच्या आईने स्वयंपाकघरातून, माझ्याकडे न बघता, दुजोरा दिला. (सात वर्षांची तुझी ही भाची सदा माझ्या मागे असते म्हणून शेपटी हे नाव तूच ठेवलंस. सध्या ती मागे नसते. त्याचीच ही हकिगत.) तुझी कंबर कशी आहे? शेक घेतेस ना? इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

शाळेने वर्ष संपताना शेपटीचं वर्षभराचं काम पिशवीत भरून घरी पाठवलं. दोनशे चौदा कागद. कपाटाचं दार लागेना. "एक तर हे राहतील, नाहीतर चादरी," असं ही म्हणाली, "आणि जन्मभर कागदच निवडताय ना? मग निवडा की!" रेकॉर्ड रूममध्ये अठरा वर्षं काढलेल्या माणसाला याहून मोठा मान कोणता? ऑफिसातून जुने दोन शिक्के आणले, 'कायम ठेवणे' आणि 'नष्ट करणे', आणि रविवारी जेवणाच्या टेबलावर शाईचं पॅड उघडून बसलो.

काम नियमाने केलं. सूर्य तेरा होते, पैकी एक नमुन्यादाखल कायम. कापसाची मेंढी कायम (निम्मा कापूस उडालेला, तशी नोंद घेतली). डाळ चिकटवलेला मासा किड्यांनी पोखरला होता, तो नष्ट. एका गणितात तीन अधिक चार बरोबर आठ लिहून शेजारी एक माणूस काढला होता आणि खाली लिहिलं होतं, 'हा नंतर आला'. तो कागद मी तीनदा वाचला आणि कायम केला. अगदी शेवटी एक जवळजवळ कोरा कागद निघाला. कोपऱ्यात तांदळाएवढी निळी उभी रेघ, बस. कोऱ्या कागदाबद्दल आमच्याकडे दुमत नसतं. शिक्का मारला, नियमाप्रमाणे चार तुकडे केले, आणि सोमवारी रद्दीवाला सगळं घेऊन गेला.

शेपटीला नुकतीच जोडाक्षरं वाचता येऊ लागली आहेत. मंगळवारी तिने नष्ट कागदांची यादी वाचली. (मीच भिंतीवर लावली होती, हरकती मागवायची पद्धत आहे. कागद गेल्यावर मागवतात, तीही पद्धतच.) अनुक्रमांक एकशे ब्याण्णव: 'कोरा कागद, निळी रेघ'. तिथे बोट थांबलं.

"ते तू होतास, बाबा."

"मी? एवढासा?"

"ऑफिसला चालला होतास. कोपऱ्यापर्यंत गेलास की तेवढाच दिसतोस."

ताई, मी शेजाऱ्याला त्या कोपऱ्यावर उभं करून खिडकीतून पाहिलं. खरंच तेवढाच दिसतो. म्हणजे रोज कोणीतरी तिथवर बघत असतं, आणि मी एकदाही मागे वळलो नाही.

तेव्हापासून ती मला एकही कागद दाखवत नाही. शाळेतून आली की दप्तर घेऊन थेट आत. नवी चित्रं उशीच्या अभ्र्यात. "आमचा बाबा नष्ट करतो," असं बाईंनाही सांगून आली आहे. शिक्के तिने जप्त केलेत. माझ्या दोन सदऱ्यांवर आणि लग्नाच्या फोटोमागे 'नष्ट करणे' उमटलं आहे. (ही म्हणते, फोटोचा निर्णय योग्य आहे.)

भावजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. मुख्य काम राहिलंच. तिची समजूत काढताना बोलून गेलो की माझी सगळी चित्रं आईने जपली होती आणि ती आत्याकडे आहेत. ती म्हणते, दाखव. आईने त्यांच्यावर चूल पेटवली हे तुला ठाऊक आहे. तरी डाव्या हाताने एखादा हत्ती काढ, चहाच्या पाण्यात बुडवून वाळव आणि लगेच पाठव. (खोटा कागद आयुष्यात पहिल्यांदा मागतोय.)

ता. क. दुसरा. पाकीट शोधायला उठलो तेवढ्यात शेपटीने हे पत्र बोट ठेवून अथपासून इतिपर्यंत वाचलं. हत्ती पाठवू नकोस. "आत्याला कशाला त्रास? तूच काढ," असा निकाल लागला आहे. रविवारी सकाळी दहा वाजता ती आईचा हात धरून कोपऱ्यावर उभी राहील आणि मी खिडकीतून तिचं चित्र काढायचं आहे. मग ती वर येईल आणि दोन्ही शिक्के घेऊन माझ्या शेजारी बसेल.